करांचे बदललेले नियम: व्यापारी, पगारदार आणि त्यांचे हिशेब सांभाळणारे यांचे नेहमीचे प्रश्न

जुलै २०२४ ते एप्रिल २०२६ या पावणेदोन वर्षांत आयकर आणि जीएसटी या दोन्हींचे नियम इतके बदलले, की जुन्या सवयीने काम करणारा माणूस न कळत चूक करून बसतो. आमच्या ऑफिसात समोरच्या खुर्चीवर बसून लोक जे विचारतात, आणि फोनवर सहकारी हिशेबनीस जे विचारतात, ते प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं एका ओळीत संपतात. काहींना वेळ द्यावा लागतो.

नवा आयकर कायदा आला, म्हणजे माझा कर वाढला की कमी झाला?

नव्या कायद्यामुळे दोन्हीही झालं नाही. आयकर अधिनियम २०२५ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ एप्रिल २०२६पासून लागू झाला. १९६१च्या कायद्याची ८१९ कलमं आता ५३६ झाली, भाषा सोपी झाली, परंतुकांची (कलमाला जोडलेल्या अपवादांची) आणि स्पष्टीकरणांची जाळी बरीच कमी झाली. कराचे दर आणि सवलती या त्याआधीच्या अर्थसंकल्पांनी ठरवल्या होत्या, त्याच नव्या कायद्यात आल्या. तुमचा कर कमी झाला असेल तर तो २०२५च्या अर्थसंकल्पातल्या स्लॅबमुळे, त्याबद्दल पुढे सांगतो.

'कर वर्ष' हा काय प्रकार आहे? आकारणी वर्ष गेलं का?

गेलं, आणि बरं झालं. 'ज्या वर्षी कमावलं ते मागचं वर्ष आणि ज्या वर्षी रिटर्न भरलं ते आकारणी वर्ष' हे समजावताना आमची निम्मी दुपार जायची. आता एकच नाव आहे: १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ हे कर वर्ष २०२६-२७.

पण या पहिल्या वर्षात एक मोठा खड्डा आहे, आणि त्यात क्लायंट आणि हिशेबनीस दोघेही पडू शकतात. २०२५-२६ची कमाई जुन्या कायद्याखालीच येते. तिचं रिटर्न आणि तिचा उरलेला कर 'आकारणी वर्ष २०२६-२७' या नावाने जातो. त्याच सुमारास, जून २०२६मध्ये, तुम्ही चालू वर्षाचा आगाऊ कर भराल तो 'कर वर्ष २०२६-२७' या नावाने. आकडे तेच, वर्षं वेगळी. चलनावर चुकीची नोंद झाली तर पैसे सरकारजमा होतात, पण तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. मग मागणीची नोटीस येते आणि दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून २०२६मध्ये स्वतः चलन भरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: भरण्याआधी आपल्या हिशेबनिसाला एक फोन करा. 'ही कमाई कुठल्या वर्षाची?' एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

आम्हा हिशेबनिसांनी कलमांचे नवे क्रमांक पाठ करायचे का?

पाठ करू नका, पण टेबलावर कोष्टक हवंच. रोजच्या वापरातले थोडेच आहेत. गुंतवणुकीच्या वजावटीचं ८०सी आता १२३ आहे. नवी करपद्धत ११५बीएसी होती, ती २०२. ऑडिटचं ४४एबी ६३व्या कलमात आलं, आणि ४४एडी, ४४एडीए, ४४एई ही अंदाजी उत्पन्नाची (पूर्ण हिशेबाऐवजी ठरावीक दराने नफा धरण्याची) तिन्ही कलमं ५८व्यात एकत्र झाली. सर्वांत मोठा फरक टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायच्या करात, आहे. १९४च्या मागे ए पासून टी पर्यंतची अक्षरं लावून झालेली लांबलचक मालिका आता ३९३ या एका कलमाच्या कोष्टकांत बसवली आहे, आणि पगाराचा टीडीएस ३९२मध्ये.

३१ मार्च २०२६पर्यंत केलेल्या कपातीला जुनीच कलमं लागतात. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस रिटर्न मे महिन्यात भरताना हाताला नवीन क्रमांकांची सवय लागलेली असली, तरी तिथे जुनेच घालायचे. खाली मी जुने क्रमांकच जास्त वापरले आहेत, कारण अजून सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

बारा लाखांपर्यंत कर नाही असं ऐकलं. मग रिटर्न तरी कशाला भरायचं?

कर नाही कारण सूट मिळते, आणि सूट मिळते ती रिटर्न भरून मागितल्यावर. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत शून्य, मग प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. बारा लाखांवर या हिशेबाने ६०,००० रुपये कर निघतो. तेवढीच, ६०,००० रुपयांची सूट कलम ८७ए देतं, म्हणून हातात शून्य येतं. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्या बाबतीत ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते.

रेषा थोडी ओलांडली तर घाबरू नका. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर स्लॅबने कर ६१,५०० निघतो, पण कायदा म्हणतो की वरच्या कमाईपेक्षा जास्त कर घेणार नाही. म्हणून १०,००० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १०,४००. 'दहा हजार जास्त कमावले आणि साठ हजार गेले' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

माझं उत्पन्न अकरा लाख आहे, तरी कर कसा निघाला?

बहुतेक वेळा शेअर विकलेले असतात. समजा वजावटीनंतरचा पगार १० लाख आहे आणि वर्षाच्या आत शेअर विकून १ लाख नफा झाला. पगारावरचा ४०,००० कर सुटीत जातो. शेअरच्या नफ्याला विशेष दर आहे, २० टक्के, आणि त्याला ही सूट नाही. म्हणजे २०,००० आणि उपकर मिळून २०,८०० रुपये भरावेच लागतात. याच प्रश्नावर आधीच्या एका वर्षाच्या रिटर्नांसाठी करसल्लागारांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, कारण आयकर विभागाच्या संगणकाने ही सूट मागण्याची वाटच बंद केली होती. २०२५-२६पासून मात्र कायद्यातच स्पष्ट लिहिलं गेलं, त्यामुळे आता वादाला जागा उरली नाही.

डीमॅट खातं आहे पण हिशेबनिसाला सांगितलेलं नाही, अशी तरुण मुलं बरीच भेटतात. तुमचा प्रत्येक व्यवहार वार्षिक माहिती पत्रकात विभागाला आधीच दिसत असतो. आम्हाला तो शेवटी कळतो, एवढंच.

जुनी करपद्धत आता मेली का?

मेली नाही, पण थोड्याच लोकांच्या उपयोगाची उरली आहे. १६ लाख पगार असलेल्या माणसाचा नव्या पद्धतीत उपकर सोडून कर १,०८,७५० रुपये होतो. जुन्या पद्धतीत तेवढाच कर यायला हवा असेल तर सगळ्या वजावटी मिळून सुमारे ६ लाख १९ हजारांच्या हव्यात. मुंबई-पुण्यात मोठं घरभाडं देणारे, किंवा गृहकर्ज, ८०सी, आरोग्यविमा आणि एनपीएस हे सगळं एकत्र असणारे तिथपर्यंत पोचतात. बाकीचे सहसा पोचत नाहीत. पगारदार दरवर्षी निवड बदलू शकतो, मात्र रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला तसं करता येत नाही. तो एकदा जुनी पद्धत निवडून नव्या पद्धतीत परतला, की पुन्हा जुनीकडे जायची वाट बंद होते.

आमची भागीदारी फर्म आहे. भागीदाराच्या पगारावर टीडीएस? ही तर आमचीच माणसं!

हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच झाला.

१ एप्रिल २०२५पासून कलम १९४टी आलं. फर्म भागीदाराला जो पगार, मोबदला, बोनस, कमिशन किंवा भांडवलावर व्याज देते, त्याची वर्षाची बेरीज २०,००० रुपयांवर गेली की १० टक्के कापून सरकारात भरायचे. फर्म छोटी असो की मोठी, ऑडिट असो की नसो. आजवर ज्यांनी कधी टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) घेतला नव्हता, अशा दोन भावांच्या किराणा दुकानालाही तो घ्यावा लागला. नफ्यातला वाटा या नियमाबाहेर आहे. स्वतःचं भांडवल उचललं तर तेही बाहेर.

अडचण कुठे येते ते बघा. आपल्याकडच्या फर्ममध्ये भागीदार वर्षभर लागेल तसे पैसे उचलतात. ती उचल पगारापोटी की भांडवलातून, हे कुणी ठरवलेलं नसतं. वर्ष संपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात ताळेबंद बनताना आम्ही नफा बघून मोबदला काढतो आणि ३१ मार्चच्या तारखेने नोंद टाकतो. ही पद्धत आता चालत नाही. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा करताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो, आणि मार्चमधली कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची असते. सप्टेंबरात आकडा ठरवला आणि नोंद मार्चची दाखवली, तर व्याज लागतं, टीडीएस रिटर्नच्या उशिराचे दिवसाला २०० रुपये लागतात, आणि कपात न केलेल्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होऊ शकतो.

आकड्यांत सांगतो. फर्मचा हिशेबी नफा १० लाख. कायद्याने पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के म्हणजे ५,४०,००० आणि पुढच्या ४ लाखांवर ६० टक्के म्हणजे २,४०,०००, असा एकूण ७,८०,००० मोबदला चालतो. दोन भाऊ, प्रत्येकी ३,९०,०००. प्रत्येकाचे ३९,००० कापायचे. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर दोघांनाही कर शून्य, म्हणजे हे पैसे रिटर्न भरून परत मिळणार. पण तोवर ७८,००० रुपये धंद्यातून बाहेर असतात. छोट्या दुकानाला ही रक्कम जड जाते, हे मी विभागाच्या बैठकांतही बोललो आहे आणि इथेही बोलतो.

उपाय? भागीदारी करारात महिन्याचा ठरावीक मोबदला लिहा, तो दरमहा जमा करा, उचल कशापोटी ते तिथल्या तिथे नोंदवा, आणि मार्च संपण्याआधी अंदाजी नफा काढून फरक मिटवा. म्हणजे ताळेबंदाची निम्मी बैठक आता सप्टेंबरऐवजी मार्चमध्ये घ्यावी लागते. ज्या फर्मनी ती घेतली त्यांचं एप्रिल शांतपणे गेलं.

टीडीएसचे बाकीचे बदल?

१ एप्रिल २०२५पासून बऱ्याच मर्यादा वाढल्या. व्यावसायिक फीसाठी वर्षाला ३०,०००च्या जागी ५०,०००. भाड्यासाठी वर्षाला २ लाख ४० हजारांच्या जागी महिन्याला ५०,०००, म्हणजे अनेक लहान गाळ्यांची भाडी टीडीएसमधून सुटली. ज्येष्ठ नागरिकांच्या बँकव्याजाची मर्यादा ५०,०००वरून एक लाख झाली. माल विकताना गोळा करायचा ०.१ टक्के टीसीएस रद्द झाला, आणि समोरच्याने मागची रिटर्नं भरलीत का हे तपासत बसण्याचं कामही संपलं. हे सगळे बदल आमच्या कामाला हातभार लावणारे आहेत.

पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर खर्चच धरत नाहीत, हे खरं का?

खरं आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यममध्ये (सरकारच्या लहान उद्योगांच्या नोंदणीत) नोंदलेला, आणि उत्पादक किंवा सेवा देणारा असला पाहिजे. निव्वळ व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत उलटूनही ३१ मार्चला रक्कम बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. करार असलेलं २० मार्चचं बिल ४ मेपर्यंत दिलंत तर काहीच बिघडत नाही.

एक बदल लोकांच्या लक्षात आलेला नाही. १ एप्रिल २०२५पासून उद्योगांच्या व्याख्या रुंदावल्या. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली, सूक्ष्मची ५वरून १० कोटी. म्हणजे काल जो पुरवठादार 'मध्यम' म्हणून या नियमाबाहेर होता, तो आज आत असू शकतो. दरवर्षी एप्रिलमध्ये सगळ्या पुरवठादारांकडून उद्यमचं ताजं प्रमाणपत्र मागवा. एमआयडीसीतल्या कारखानदारांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तिथे ९० दिवसांची उधारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि तुम्ही स्वतः लघु उद्योजक असाल तर बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. वसुलीला त्याचा खराच उपयोग होतो.

जीएसटीचे दर कमी झाले तेव्हा माझ्या दुकानात जुन्या दराचा माल होता. त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बुडालं का?

नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आणि मोजक्या ४० टक्क्यांत. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८वरून ५वर आले. तुम्ही १८ टक्के देऊन घेतलेला साबण ५ टक्के लावून विकलात, तरी आधीचं पूर्ण क्रेडिट तुमचंच राहतं, ते उलटवायचं, म्हणजे परत करायचं, नाही. उलटवायचं ते फक्त जो माल पूर्ण करमुक्त झाला त्याचं, उदाहरणार्थ पाकिटबंद पनीर.

पण साठलेल्या क्रेडिटचा परतावा मिळेल अशी आशा धरू नका. घेतलेली आणि विकलेली वस्तू एकच असेल आणि फक्त दर बदलला असेल, तर परतावा नाही. ते क्रेडिट पुढच्या विक्रीवरच्या कराशी वळतं करायचं. पाच टक्क्यांनी खरेदी आणि पाच टक्क्यांनीच विक्री करणाऱ्या दुकानदाराला दरमहा फक्त आपल्या नफ्याच्या हिस्स्यावर कर बसतो, म्हणून हा साठा फार सावकाश उतरतो. काहींच्या लेजरमध्ये तो अजून पडून आहे. ती तूट नव्हे, पण खेळतं भांडवल तिथे अडकलं आहे हे धरूनच उधारीचं गणित करा.

वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा कर त्याच दिवसापासून शून्य झाला. कंपनीने काढलेल्या गटविम्याला ही माफी नाही.

जीएसटीत आता '३बी'मध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, आकडा बदलता येत नाही म्हणे?

विक्रीवरच्या कराचा नाही बदलता येत. जुलै २०२५च्या महिन्यापासून '१'मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, जी विक्री दाखवली, तोच कर '३बी'त येऊन बसतो आणि तिथे कुलूप आहे. चूक असेल तर '३बी' भरण्याआधी '१ए' भरून दुरुस्त करायची. 'आत्ता भरून टाका, पुढच्या महिन्यात बघू' ही आमच्या धंद्यातली जुनी सवय होती. तिला आता जागा नाही. तीन वर्षांपेक्षा जुनं राहिलेलं रिटर्नही आता पोर्टल घेत नाही, म्हणजे दंड भरून मोकळं होण्याची वाटसुद्धा बंद होते.

खरेदीच्या बाजूला बिल-व्यवस्थापनाचा तक्ता आहे. समोरच्याने चढवलेलं प्रत्येक बिल तुम्हाला स्वीकारता, नाकारता किंवा थांबवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. न घेतलेल्या मालाचं बिल तुमच्या नावावर चढलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर ते क्रेडिट तुम्ही घेतल्यासारखं दिसतं आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. हा तक्ता आम्ही उघडू शकतो, पण माल खरंच आला का, हे गोदामात उभ्या असलेल्या माणसालाच माहीत. म्हणून दरमहा दहा तारखेच्या आत खरेदीची बिलं आमच्याकडे यायला हवीत, चौदाला क्रेडिटचं पत्रक तयार होतं.

वडिलांच्या नावावरचा फ्लॅट आम्ही दोघं भावंडं विकतोय. मी इथे, बहीण अमेरिकेत. कर सारखाच ना?

सारखा नाही, आणि हे ऐकून लोक खरोखर चकित होतात. २३ जुलै २०२४पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दर आला आणि महागाईनुसार किंमत वाढवून धरण्याची सवलत गेली. निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला, त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी, जुन्या रीतीने २० टक्के की नव्या रीतीने १२.५ टक्के, यांतला कमी कर भरता येतो. अनिवासी व्यक्तीला ही निवड नाही.

समजा फ्लॅट २०१०-११मध्ये ३० लाखांना घेतला आणि २०२५-२६मध्ये ८० लाखांना विकला. महागाईचा निर्देशांक खरेदीच्या वर्षी १६७ होता, विक्रीच्या वर्षी ३७६. जुन्या रीतीने किंमत ६७,५४,४९१ धरली जाते, नफा १२,४५,५०९ आणि कर सुमारे २ लाख ४९ हजार. नव्या रीतीने नफा ५० लाख आणि कर ६ लाख २५ हजार. अर्धा-अर्धा वाटा असेल तर इथल्या भावाचा कर सव्वा लाखाच्या आत राहतो आणि बहिणीला ३,१२,५०० रुपये द्यावे लागतात, उपकर वेगळा. शिवाय तिच्या हिश्शावर खरेदीदाराला एक टक्का नव्हे, तर अनिवासींच्या दराने टीडीएस कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला सौद्याआधी काढून ठेवला तर तिची मोठी रक्कम अडकत नाही. व्यवहाराची बोलणी सुरू होतानाच सल्ला घ्या. खरेदीखत झाल्यावर आमच्याकडे येऊन फार थोडं करता येतं.

अमुक माणूस पगारावर कापलेला सगळा कर परत आणून देतो. तुम्ही का नाही देत?

कारण तो परतावा त्या माणसाचा नसतो आणि बऱ्याचदा तुमचाही नसतो.

माझा एक जुना क्लायंट, कारखान्यात नोकरी करणारा, असाच एका एजंटाकडे गेला. एजंटाने परताव्यातला ठरावीक हिस्सा घेतला आणि रिटर्नमध्ये नसलेलं घरभाडं, नसलेली देणगी आणि न घेतलेलं शैक्षणिक कर्ज टाकलं. दोन वर्षं पैसे आले. तिसऱ्या वर्षी नोटीस आली, तेव्हा एजंटाचा फोन लागत नव्हता. तो माणूस रात्री नऊ वाजता बायकोला घेऊन माझ्या घरी आला. त्याला आपल्या रिटर्नमध्ये काय लिहिलंय हेच ठाऊक नव्हतं. खोटी माहिती दिल्याबद्दलचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो, आणि तो एजंटाला नाही, ज्याचं पॅन आहे त्याला भरावा लागतो.

विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात १५० ठिकाणी अशा रिटर्न भरून देणाऱ्यांची तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्नं सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागानेच सांगितलं. आता रिटर्नमध्ये विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक, असा तपशील मागतात. म्हणून आम्ही कागद मागतो. तुमच्यावर अविश्वास म्हणून मागत नाही.

असं रिटर्न आधीच भरलं गेलं असेल तर?

नोटीस यायच्या आत स्वतः सुधारा. अद्ययावत रिटर्नची मुदत आता आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने आहे. कर आणि व्याजावर जादा रक्कम लागते: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. म्हणजे जितका उशीर तितकं महाग. या रिटर्नने परतावा मागता येत नाही किंवा कर कमी करून घेता येत नाही, फक्त राहिलेलं उत्पन्न दाखवता येतं.

दर तेच, उत्पन्न तेच, मग तुमची फी का वाढली?

रास्त प्रश्न आहे. पूर्वी छोट्या व्यापाऱ्याचं काम वर्षातून दोन हंगामांचं असायचं. आता दरमहा बिलांची जुळवणी, भागीदारांचा टीडीएस, उद्यमच्या मुदती, वार्षिक माहिती पत्रकाशी प्रत्येक आकड्याचा ताळा, हे सगळं त्याच माणसांनी करायचं असतं. २०२५मध्ये पोर्टलच्या आणि फॉर्मच्या अडचणींमुळे ऑडिट अहवालाची मुदत ३० सप्टेंबरवरून आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबर झाली. दिवाळीत आमच्या ऑफिसातली मुलं कामावर होती. मुदत वाढली की काम कमी होत नाही, तेच काम दोनदा तपासावं लागतं. फी किती असावी हे ज्याचं त्याने ठरवावं, पण सहकाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की काय काय काम करणार हे एका कागदावर लिहून क्लायंटची सही घ्या. त्यामुळे भांडणं कमी होतात.

माझा हिशेबनीस सगळं करतो. ऑडिटवर त्याचीच सही चालेल का?

नाही. रिटर्न कुणीही तयार करून देऊ शकतो, ऑडिट अहवालावर सही फक्त व्यवसाय करणाऱ्या सीएची, आणि नव्या कायद्यातही तसंच राहिलं. प्रत्येक सहीला यूडीआयएन हा अंक-अक्षरं मिळून अठरा जागांचा क्रमांक असतो. तो सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) संकेतस्थळावर तपासून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

महाराष्ट्राचा व्यवसायकर?

वर्षाला २,५०० रुपये, तसाच आहे. पगारदार महिलांना महिना २५,०००पर्यंत तो माफ आहे. नव्या करपद्धतीत त्याची वजावट मिळत नाही.

पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याकडेच ठेवले तर चालतील ना?

पासवर्ड आमच्याकडे असला तरी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. जीएसटीला १ एप्रिल २०२५पासून सगळ्यांना ओटीपी सक्तीचा आहे, आणि संध्याकाळी सात वाजता आम्ही ओटीपी मागायला फोन करतो तेव्हा त्रास होतो हे मला समजतं. तरीही नोटीस आली तर ती पहिल्यांदा तुम्हाला दिसली पाहिजे. ज्या क्लायंटने नंबर आमच्या ऑफिसातल्या मुलाचा दिला होता, त्याची नोटीस तो मुलगा नोकरी सोडून गेल्यावर तीन महिने कुणी पाहिलीच नाही. त्यानंतर आम्ही एकेका क्लायंटला बोलावून नंबर बदलून घेतले. तुमचा बदलायचा राहिला असेल तर आधार कार्ड घेऊन कुठल्याही दिवशी दुपारी या.